मशीनची नळी आणि गोटीराम

गोटीरामचं नाव कोणी चांगल्या अर्थानं काढलं की माझ्या पोटात दुखायचं. उगाच खोटं कशाला बोलू? आमच्या जुईनगरच्या सोसायटीत त्याचं नाव दिवसातून चार वेळा निघायचं, आणि चारही वेळा चांगल्याच अर्थानं. म्हंजे माझ्या पोटाची काय अवस्था असेल ते तुमीच समजा.

मी हौसेराव. मूळचा पाटण तालुक्यातला. साताऱ्याच्या आयटीआयमधून प्लंबिंगचा कोर्स पास झालेला माणूस. सर्टिफिकेट काचेच्या फ्रेममध्ये घालून बाहेरच्या खोलीत लावलंय, येणाऱ्याला चप्पल काढता काढता दिसतं. आमच्या बिल्डिंगीत बहुतेक सगळे वाशीच्या मार्केटात माथाडी काम करणारे, आमच्याच भागातले, लग्नकार्यात एका पंगतीला बसणारे. पण नळ गळला की या लोकांना आठवतो कोण? शेजारच्या शिरवणे गावचा गोटीराम. चौथी नापास. पायात चप्पल नाही, हत्यारं सिमेंटच्या गोणीत, आणि ती गोणी सायकलच्या कॅरियरला सुतळीनं बांधलेली. माझ्याकडे लोखंडी पेटी होती, तिला कुलूप होतं, आत प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा होता. ती पेटी बघायला कोणी यायचं नाही.

त्याची काम करायची पद्धत बघितली तर तुमी हसाल. मी पहिल्यांदा हसलोच होतो. घरात आला की तांब्याभर पाणी मागायचा. प्यायला नाही. ते पाणी हळूहळू मोरीत ओतायचा, जमिनीला तळहात टेकून उकिडवा बसायचा आणि मान वाकडी करून ऐकत राहायचा. घरातली माणसंही श्वास रोखून उभी. मला वाटायचं, काय हे थोतांड! पण आमच्याच विंगेतल्या राजेश्वरी टीचरच्या घरी मोरी तुंबली तेव्हा मी दोन दिवस फरश्या फोडत होतो आणि मला काही सापडलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी बाईंनी गोटीरामला बोलावलं. त्यानं तांब्या ओतला, ऐकलं, बाहेर गेला, कंपाउंडच्या भिंतीपाशी कुदळ मारली. पाईपात झाडाचं मूळ शिरलं होतं. अर्ध्या तासात मोरी वाहती झाली. फुटलेल्या फरश्यांवर पाय ठेवत टीचर मला म्हणाल्या, हौसेराव, तुमीपण प्रयत्न चांगला केलात. त्या 'पण'नं माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की विचारू नका.

त्याला हे कुठून येत होतं ते मला नंतर कळलं, आणि कळल्यावर जळफळाट वाढलाच. जिथं आज आमची सोसायटी उभी आहे तिथं पूर्वी खाडीलगतची भातशेती होती. त्यातला एक तुकडा गोटीरामच्या बापाचा. खाडीचं खारं पाणी शेतात घुसू नये म्हणून मातीचा बांध, आणि बांधात एक लाकडी दार, त्याला ते लोक उघाडी म्हणतात. भरती आली की दार लावायचं, ओहोटी लागली की पावसाचं साठलेलं पाणी सोडून द्यायचं. पंधराव्या वर्षापासून ते दार गोटीरामकडे. चुकला तर सगळ्या गावाचं पीक खारं होणार. मग जमिनी शहरासाठी गेल्या, आणि ज्या कंत्राटदारानं गटारं टाकली त्याच्या गँगमध्ये हा मजूर म्हणून लागला. स्वतःच्या शेतात स्वतः चर खणले, पाईप टाकले. त्यामुळे कुठल्या बिल्डिंगीखाली काय आहे ते त्याला पाठ होतं. मी आयटीआयला दोन वर्षं ड्रॉइंग काढली, आणि याच्या डोक्यात ड्रॉइंग आयतं. असं असताना माणसानं जळायचं नाही तर काय करायचं?

तर शहाण्णव साली सोसायटीनं ठरवलं की बाहेरचे कारागीर उठसूट आत येतात ते बंद करायचं. गेटवर वॉचमनच्या खुर्चीमागे काळी पाटी होती, तिच्यावर ऑइलपेंटनं एकच प्लंबर लिहायचा. ज्याचं नाव पाटीवर तोच सोसायटीचा माणूस. सेक्रेटरी नंदकिशोर म्हणाला, रविवारच्या मीटिंगमध्ये ठरवू, हौसेराव की गोटीराम. मला त्या पाटीची अशी ओढ लागली की जेवण गोड लागेना. दहा वर्षं या गेटातून ये-जा केली, एकदा तरी तिथं माझं नाव दिसावं, बास. एवढंच पाहिजे होतं मला.

त्याच आठवड्यात माझा मेहुणा अरविंद टेम्पोतून वॉशिंग मशीन घेऊन आला. शिकायला असताना तो पाच वर्षं आमच्याकडे राहिला होता. आता कंपनीत चांगल्या जागेवर लागला, म्हणून बहिणीला भेट. साधं नाही, फुल्ली ऑटोमॅटिक. आमच्या विंगेत दोन जणांकडे सेमी-ऑटोमॅटिक होती, तिची नळी मोरीत सोडून दिली की झालं. हे प्रकरण वेगळं होतं. माझी बायको अरुणा त्या मशीनभोवती दिवसभर ओला फडका घेऊन फिरत होती. मीटिंगच्या आधी आपली कारागिरी दाखवायला याच्यापेक्षा बरी संधी कुठली, असं माझ्या मनात आलं.

शनिवारी मी ते बसवलं. इतर लोक नळी उघडीच मोरीत टाकतात, ती वळवळते, पाणी उडतं. मी तसं केलं नाही. भिंतीच्या कडेनं, अगदी जमिनीला लागून, पांढरा पीव्हीसी पाईप नेला, हातभर अंतरावर क्लॅम्प मारले, मशीनची नळी त्यात घट्ट बसवली आणि पाईपाचं दुसरं टोक मोरीच्या जाळीखाली सोल्यूशननं चिकटवून टाकलं. एक थेंब बाहेर दिसणार नाही असं काम. खोक्यात छत्रीच्या मुठीसारखा एक प्लास्टिकचा आकडा होता, तो मला पॅकिंगमधला कचरा वाटला, फेकून दिला. इंग्रजी पुस्तक होतं, ते अरुणानं पुढे केलं तर मी म्हणालो, पुस्तक बघून काम करायला मी काय गोटीराम आहे? खरं तर गोटीरामला वाचताच येत नव्हतं, पण बोलून गेलो.

रविवारी सकाळी शेजारपाजारच्या बायका बघायला आल्या. मी कपडे टाकले, पावडर टाकली, नळ सोडला, बटण दाबलं. आत पाणी पडायला लागल्याचा आवाज आला. सगळ्या वा वा करून गेल्या. मला नेरूळला काम होतं. निघताना अरुणाला बजावलं, हे सगळं आपलं आपण करतं, तू बोटसुद्धा लावू नको. ती बिचारी समोर स्टूल टाकून बसली. तासभर बसली. पाणी पडतच होतं. मशीन काही फिरेना. पण नवऱ्यानं सांगितलंय बोट लावू नको, म्हणून ती मेथी निवडायला शेजारी गेली.

आता झालं काय ते सांगतो. या मशीनला पाणी अडवायला खाली झडप नव्हती. ते पंपानं पाणी वर फेकून बाहेर काढतं. म्हणून नळी त्या फेकलेल्या आकड्यानं कमरेएवढी उंच अडकवावी लागते, म्हंजे पंप चालू होईपर्यंत पाणी आत राहतं. मी नळी नेली होती जमिनीवरून. जेवढं पाणी वरून पडत होतं तेवढं खालून निघून जात होतं. मशीन भरायची वाट बघत होतं, आणि भरणार कधी, तर कधीच नाही. माझं फिटिंग इतकं पक्कं की एक थेंब बाहेर सांडला नाही, कोणाला पत्ता लागला नाही. अकरा वाजता विंगेची टाकी कोरडी ठक्क. सोळा घरं, सुट्टीचा दिवस, कोणी अंगाला साबण लावलेला, कोणाची कणीक अर्धी भिजवलेली, आणि पाणी यायचं ते थेट संध्याकाळी सहाला.

जिन्यात आरडाओरडा झाला तशी अरुणा धावत घरात आली आणि तिच्या लक्षात आलं. समोरच्या विंगेत गोटीराम कुणाचा तरी फ्लश दुरुस्त करत होता. तिनं खिडकीतून त्यालाच हाक मारली. मला हे अजूनही लागतं. प्लंबरच्या बायकोनं दुसऱ्या प्लंबरला हाक मारली, आणि तीही खिडकीतून, सगळ्या बायकांना ऐकू जाईल अशी; पुरुष तेव्हा गच्चीवर टाकीत डोकावत होते.

त्यानं आल्या आल्या मशीनचा नळ बंद केला. मग माझा सुंदर पाईप मधोमध कापला, वळणाचा एल्बो लावला, गोणीतला एक तुकडा कमरेएवढा उभा केला, त्याचं तोंड हवा खेळायला मोकळं ठेवलं आणि मशीनची नळी वरून त्यात नुसती अडकवून दिली. एवढंच. वर अरुणाला समजावून सांगत बसला, की वैनी, पान्याला थांबवायचा तर आधी बांध पायजे, ही नली म्हंजे तुमचा बांध, ती उंच तर पानी आत. अरुणानं नंतर मला हे सगळं सांगितलं. सांगताना तिचे डोळे चमकत होते. वीस वर्षांच्या संसारात मी तिला पाईप कसा चालतो हे एकदाही सांगितलं नव्हतं, आणि तिला ते जाणून घ्यायचंच नसेल असं मी धरून चाललो होतो.

मी दुपारी परतलो तर जिन्यात नंदकिशोर लालबुंद होऊन उभा, आणि गोणी घेऊन गोटीराम आमच्या दारातून बाहेर पडत होता. नंदकिशोर माझ्याकडे एकदा आणि त्याच्याकडे एकदा बघून खाली गेला.

संध्याकाळी सहाला पाणी आलं आणि सहालाच मीटिंग. बायका सगळ्या नळावर, अरुणासुद्धा. गच्चीवर आम्ही वीसेक पुरुष, आणि नाव ठरायचं होतं म्हणून गोटीरामलाही बोलावलेलं. नंदकिशोरनं सुरुवातच केली, की आज एका मशीनपायी सगळ्या विंगेचे हाल झाले, फिटिंग कोणाचं होतं? मी घसा खाकरला. एवढ्यात त्यानं स्वतःच वळून विचारलं, "गोटीराम, हौसेरावच्या मशीनला तुमी हात लावला होता का?"

गोटीराम म्हणाला, "लावला व्हता."

खोटं काहीच नव्हतं. त्यानं हात लावलाच होता. कोणी विचारलं नाही की आधी का नंतर. मी मूग गिळून बसलो. तोंड उघडायचं असतं तर तेव्हाच, आणि मला ते कळत होतं. गोटीरामनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि मग खाली स्वतःच्या पायांकडे बघत बसला. कोणीतरी म्हणालं, शेवटी शिकलेला माणूस तो शिकलेला. दहा मिनिटांत ठराव झाला. सोमवारी पाटीवर पांढऱ्या अक्षरात आलं: प्लंबर, हौसेराव.

दोन दिवस मी कारण नसताना गेटावर जाऊन येत होतो. वॉचमनला तंबाखू दिली. तिसऱ्या दिवशी अरुणा भाजी घेऊन आली, पिशवी ओट्यावर ठेवली आणि विचारलं, पाटीवर तुमचं नाव कसं काय? मी इकडचं तिकडचं सांगत होतो, पण तिला खालच्या मजल्यावर सगळं कळलंच होतं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "किती मोठ्या मनाचा माणूस." माझ्याबद्दल नाही, हे सांगायला नको. त्या दिवसापासून ती मला वाढायची, पाणी द्यायची, पण बोलायची ती फक्त कामापुरती. आणि शनिवारी बघतो तर डब्यात शेंगदाण्याची चटणी भरून बाजूला काढलेली, गोटीरामदादाला द्यायची म्हणून. माझ्या गावची चटणी!

लोकहो, खरं सांगतो, मला शरम वाटत नव्हती. मला हेवा वाटत होता. पाटी मला मिळाली, आणि मोठेपणा हा घेऊन गेला. गप्प बसायचं काम तर मीही केलं होतं, त्याच गच्चीवर, त्याच वेळी. मग त्याच्या गप्प बसण्याची एवढी किंमत का?

तो डबा घेऊन मीच शिरवण्याला गेलो. गोटीराम ओटीवर बसून फाटकं जाळं शिवत होता. त्याची बायको मालतीबाई मला बघून आत गेली आणि पाण्याबरोबर चहा नाही आणला, त्यावरून मी ओळखलं की तिला माहीत आहे. मी सरळ विचारलं, त्या दिवशी खरं का नाही सांगितलं?

तो सुई न थांबवता म्हणाला, "बांध फुटला ना, का आमचे गावान कोनी इचारीत नसत कोनाचे बाजून फुटला. पयली माती टाकायची. इचारायचा त भात घरान आल्यावर. तवर कोनाचे ध्यानान पन नसं." मग दोरा दातानं तोडून म्हणाला, दुपारी तुझी बायको शेजाऱ्यांसमोर उभी होती, तिच्या दारात तुझं नाव घेतलं नाही, ते गच्चीवर कसं घेऊ?

मी विचारलं, कामं कशी चाललीत. म्हणाला, तुमच्या सोसायटीतलं बंदच झालं, शेजारच्या दोन सोसायट्यांनीपण नको सांगितलं, मशीनवाला गोटीराम म्हणून नाव पडलंय. तक्रारीचा सूर नव्हता. उन्हाळा कडक आहे म्हणावं तसं म्हणाला. मी तिथून निघालो तेव्हा पोटातलं दुखणं दुप्पट झालं होतं. एवढं नुकसान होऊन या माणसाला माझा राग येत नाही? म्हंजे मी रागावण्याच्याही लायकीचा नाही?

पुढच्या रविवारी टाकीच्या साफसफाईवर मीटिंग होती. मी उठलो आणि सगळं सांगितलं. नळी मी खाली नेली, आकडा मी फेकला, पुस्तक मी बघितलं नाही, गोटीरामनं येऊन ते दुरुस्त केलं आणि मी तोंड शिवून बसलो. माझ्या मनात चांगुलपणा आला होता असं समजू नका. अरुणाच्या डोळ्यांत तो जो देव होऊन बसला होता ना, त्याला मला खाली उतरवायचं होतं. त्यानं जे गुपचूप पोटात ठेवलं होतं ते चव्हाट्यावर आणलं की त्याच्याकडे काही उरणार नाही, असा माझा हिशोब. दुसरं काही नाही.

वाटलं होतं, लोक तोंडावर थुंकतील. पण आमच्यातला एक म्हातारा माथाडी उठला आणि म्हणाला, चारचौघांत असं बोलायला छाती लागते. पोरांनी टाळ्या वाजवल्या. नंदकिशोरनं माझा हात हातात घेतला. पाटी मात्र त्यानं दुसऱ्याच दिवशी रंगवून घेतली, प्लंबर, गोटीराम. पाटी गेली ती गेलीच. पण जिन्यात, दूधवाल्याच्या रांगेत, जो तो मला थांबवून पाठीवर हात ठेवायला लागला. राजेश्वरी टीचरनी म्हणे वर्गात माझा दाखला दिला. अरुणानं चार दिवस काही म्हटलं नाही, पाचव्या दिवशी ताटात मला विचारून तूप वाढलं.

त्याच दिवशी संध्याकाळी मी गेटातून आत येत होतो. गोटीराम सायकलला गोणी बांधत होता, पाटीच्या बरोबर खाली. मला वाटलं आता आभार मानेल, आणि मला ते नको होतं. तो सुतळीची गाठ ओढत म्हणाला, "आठ दिस मी गप बसलो, त कोनी नाव नाय घेतला. तू दोन शबुद बोललास, त ज्याचे तोंडान बघावं त हौसेराव."

गाठ बसली होती तरी तो ती पुन्हा ओढत होता. मी त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. ओठ जरा आवळलेले, नजर पाटीवर पण मन तिथं नाही. ते तोंड मी दहा वर्षं रोज दाढी करताना आरशात बघत होतो, ओळखायला कितीसा वेळ लागणार? हळू जा, अंधार पडतोय, एवढंच म्हणालो.

त्या दिवशी मी एक भाकरी जास्त खाल्ली. अरुणानं विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, भूक लागलीय.